कुजणाऱ्या पिशवीचा दंड: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय: कंपोस्टेबल पिशव्यांबद्दल झालेला दंड आणि ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेला ५,००० रुपयांचा दंड झाला. संस्थेतील कुटुंबे ओला कचरा ज्या पिशव्यांत बांधून घंटागाडीत टाकतात, त्या बंदी असलेल्या प्लास्टिकच्या आहेत, असा निष्कर्ष प्लास्टिकबंदीच्या पथकाने आमच्या फाटकात उभ्या उभ्या काढला. या पिशव्या कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या आहेत, त्यांच्यावर उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला आहे, हे सर्व मी संस्थेचा सचिव या नात्याने पथकप्रमुखांना दाखवले. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी ताणली, चुरगाळून कानाशी नेली, मग नाकाशी नेली, आणि “आवाज तर प्लास्टिकचाच येतोय” असे म्हणून पावतीपुस्तक उघडले. दुसऱ्या वेळी १०,००० रुपये, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, ही राज्याच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेतील चढती भाजणीही त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवली.

त्याच अधिसूचनेत घनकचरा हाताळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्यांना सूट दिलेली आहे, एवढा भाग मात्र त्यांच्या पाठांतरात आला नसावा. मी तो वाचून दाखवू लागलो, तेव्हा “वर जाऊन सांगा” असे उत्तर मिळाले. वर म्हणजे नेमके कोठे, हे पावतीवर छापलेले नाही.

रक्कम मोठी नाही, असे आपले अधिकारी म्हणतील. परंतु ती कोणाच्या खिशातून जाणार, यावरून आमच्या संस्थेत जे झाले, ते आपण पाहायला हवे होते. तातडीने बोलावलेल्या सभेत “तुमच्या पर्यावरणाच्या हौसेपायी आम्हाला भुर्दंड” हे वाक्य मला वेगवेगळ्या मजल्यांवरून ऐकावे लागले, आणि सर्वांत मोठा आवाज त्या सदस्याचा होता, ज्यांच्या घरचा ओला आणि सुका कचरा आजतागायत एकमेकांपासून वेगळा झालेला नाही. दंड सचिवाकडून वसूल करावा, अशी सूचना आली, तिला अनुमोदनही मिळाले. वर्षानुवर्षे दारोदार जाऊन वर्गीकरणासाठी लोकांच्या विनवण्या करायच्या, खतखड्ड्यात स्वतः उतरायचे, सणासुदीलाही फाटकापाशी उभे राहून कोणाच्या बादलीत काय आहे ते पाहायचे आणि शेवटी आरोपी म्हणून स्वतःच उभे राहायचे. घरच्यांनी सहानुभूती दाखवली नाही. “आणखी करा समाजसेवा” एवढेच म्हटले. त्या रात्रीपासून रक्तदाबाची गोळी वाढली आहे, आणि तिचेही वेष्टन, महोदय, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचेच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात ते हेच असावे.

तथापि हे पत्र केवळ पावतीबद्दल नाही. पथकाने जे विचारायला हवे होते आणि विचारले नाही, ते मी स्वतःच सांगतो: ही पिशवी आमच्या खड्ड्यात कुजत नाही. संस्थेच्या मागच्या बाजूच्या खड्ड्यातले खत आम्ही चाळतो, तेव्हा साली, देठ, पाने, चहाचा चोथा यांची काळी, भुसभुशीत माती झालेली असते आणि तिच्यातून ही पिशवी मळकी, थोडी विरलेली, पण पिशवी म्हणून सहज ओळखू येईल अशा अवस्थेत वर येते. एकीवरचा छाप तर प्रमाणपत्राच्या क्रमांकासह वाचता येत होता.

याचे कारण कोणाही अभियंत्याला ठाऊक आहे. ज्या आयएस/आयएसओ १७०८८ मानकावर या पिशव्या उतरतात, त्यातील चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला, नियंत्रित ओलाव्यात आणि खेळत्या हवेत होते. तेथे १८० दिवसांत पदार्थाचे ९० टक्के जैविक विघटन व्हावे लागते, आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक अवशेष राहू नयेत, अशी अट असते. हे तापमान मोठ्या, शास्त्रशुद्ध प्रकल्पाच्या ढिगात दीर्घकाळ टिकते; सोसायटीच्या खड्ड्यात ते चार दिवस चढते आणि उतरते, आणि गॅलरीतल्या कुंडीत चढतही नाही. ‘औद्योगिक कंपोस्टिंगसाठी’ हे शब्द आमच्या पिशव्यांच्या गुंडाळीवर होते. इंग्रजीत, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत, तळाशी. वर मात्र हिरवे पान मोठे होते. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही सामान वाहून नेण्याइतकी मजबूत निघाली होती.

मग या पिशव्या जिथे खरोखर कुजतील असा प्रकल्प आमच्या शहरात आहे काय? आमचा ओला कचरा जिथे जातो, तिथे पट्ट्यावरून पिशव्या, कोणत्याही असोत, आधी उचलून बाजूला टाकल्या जातात, कारण हाताने वेचणाऱ्या माणसाला साधी आणि कुजणारी यांतला फरक कळावा, अशी काहीच सोय नाही. भंगारवाला ती घेत नाही, कारण पुनर्चक्रीकरणाच्या मालात ती मिसळली तर तो माल बिघडतो. म्हणजे ही पिशवी भंगारवाल्याच्या दृष्टीने पुरेशी प्लास्टिक नाही, खड्ड्याच्या दृष्टीने पुरेसा कचरा नाही, आणि दंडाच्या दृष्टीने मात्र संपूर्ण प्लास्टिक आहे. अशी वस्तू बाजारात आणायला परवानगी देणारे आपण, तिच्यावर प्रमाणपत्र छापणारे आपण, ती पोहोचण्याचे ठिकाण न बांधणारेही आपण, आणि पावती मात्र आमच्या नावाची.

पावतीसंबंधी दाद मागण्यासाठी मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. साहेब बैठकीत होते, म्हणून बाकावर बसून राहिलो. तेवढ्या वेळात आतील बैठकीला कागदी कपांतून दोनदा चहा गेला. या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, हे आपल्या विभागाला मी सांगायला नको, कारण असे थर दिलेले कप आणि ताटल्या राज्याने जुलै २०२२ मध्येच बंदीत घेतल्या आहेत. अशा कपात गरम पाणी १५ मिनिटे ठेवले तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असे खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये दाखवून दिले. साहेबांच्या चहाला कोणी कान लावला नाही. बाहेर पडलो तर फाटकावर एका लोकप्रतिनिधींच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्या फलकाची जाडी कोणी मोजली असेल, तर मला कळवावे. मी जाहीर अभिनंदन करीन.

आता दुकानातल्या फळीकडे येऊ. बांबूचा म्हणून विकल्या जाणाऱ्या दातांच्या ब्रशचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. ‘नैसर्गिक’ साबण चकचकीत प्लास्टिकच्या वेष्टनातून येतो. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘अर्थ’ हे शब्द ज्या वस्तूवर नाहीत, अशी वस्तू शोधावी लागते. ग्राहकाने ओळखायचे तरी कसे? सरकारने त्यासाठी १९९१ मध्ये इकोमार्क, म्हणजे पर्यावरणपूरक वस्तूंवर छापायचा सरकारी शिक्का, आणला. मातीचे मडके हे त्याचे चिन्ह. तीन दशकांत हे मडके आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूवर आपण पाहिले आहे काय? माझ्या घरात ते नाही, आणि आमच्या संस्थेत ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी ते मडके पाणपोईचे असावे असे सांगितले. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली, की ‘पर्यावरणपूरक’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येणार नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उत्पादकाला ५० लाख आणि मला ५,००० असा हिशेब कागदावर अगदी न्याय्य दिसतो. फरक एवढाच, की माझे ५,००० वसूल झाले.

आमचा बंदीला विरोध कधीच नव्हता, हे नमूद करतो. २६ जुलै २००५ च्या पुरात तुंबलेल्या नाल्यांनी मुंबईला काय दाखवले, हे ज्यांनी पाहिले त्यांना पातळ पिशव्यांचा पुळका येणे शक्य नाही. परंतु २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हा सांगितले गेले होते की पर्याय मिळतील, बचत गटांच्या भगिनींना कापडी पिशव्यांचे काम मिळेल. दुधाच्या रिकाम्या पिशवीवर किमान ५० पैशांची परतावा किंमत छापायची आणि पिशवी परत आली की ती द्यायची, ही अटही त्याच अधिसूचनेत होती. महोदय, हे ५० पैसे कोठे गेले? आजवर मला एकदाही मिळालेले नाहीत, आणि ज्यांना मिळाले असा माणूस मला भेटलेला नाही. ५,००० घ्यायला फाटकापर्यंत येणारी व्यवस्था ५० पैसे द्यायला मात्र कधी आली नाही, आणि ती दोन्ही कलमे एकाच राजपत्रातली आहेत.

कापडी पिशवीचेही तसेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशेब केला, त्यानुसार साध्या सुती पिशवीच्या निर्मितीचा हवामानावरील भार प्लास्टिकच्या पिशवीइतका खाली आणायला ती निदान ५२ वेळा वापरावी लागते, आणि बाकीचे सर्व निकष धरले तर ७,१०० वेळा. आपल्याकडे प्रत्येक उद्घाटनाला, मेळाव्याला, हळदीकुंकवाला नेत्यांच्या छबीसह नवी पिशवी वाटली जाते. ७,१०० वेळा वापरून होईपर्यंत छबीतील नेते दोन पक्ष बदलून मोकळे झालेले असतील. घरात अशा पिशव्यांची आता पिशवी भरली आहे.

खरे पाहता रोजच्या जगण्यातल्या पर्यावरणपूरक सेवा आपल्याकडे होत्या आणि काही अजून आहेत. रद्दीवाला, भंगारवाला, छत्री आणि मिक्सर दुरुस्त करणारा, गादी पिंजून देणारा, बाटली घेऊन गेले तर तेल सुटे देणारा दुकानदार. यांच्यापैकी एकाच्याही वस्तूवर हिरवे पान नसते. आपल्या विकास आराखड्यात यांना चार फूट जागा नाही. रस्त्यावर बसले तर अतिक्रमण, हातगाडी लावली तर जप्ती. कचरावेचक महिला हातमोज्यांशिवाय जे काम करतात, त्या कामाची आकडेवारी आपण परिषदांमध्ये पुनर्चक्रीकरण म्हणून मांडता. केंद्रीय मंडळाच्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ४१ लाख टनांहून अधिक प्लास्टिक कचरा निर्माण झाला. तो तयार करणाऱ्यांची नावे वेष्टनांवरच छापलेली असतात, शोधायला पथक लागत नाही. पण त्यांच्या फाटकाशी सुरक्षारक्षक असतो आणि आमच्या फाटकाशी मी असतो, त्यामुळे कारवाई कोठे सोपी जाते, हे उघड आहे.

मागण्या थोड्या आहेत. आमचा दंड परत करावा आणि पावती चुकीची होती असे लेखी द्यावे, म्हणजे सभेत मला तोंड दाखवता येईल. पथकांना कान आणि नाक यांखेरीज तपासणीचे एखादे साधन द्यावे. निदान प्रमाणपत्राचा क्रमांक जागीच पडताळून पाहण्याची सोय आणि मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी मराठीत प्रत्येक प्रभाग कार्यालयात असावी. कुजणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती घरी कुजते की केवळ प्रकल्पात, हे दर्शनी बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत छापणे सक्तीचे करावे, आणि ज्या शहरात असा प्रकल्प नाही तेथे ती वस्तू पर्यावरणपूरक म्हणून विकू देऊ नये. ५० पैशांचे काय झाले, तेही सांगावे.

उत्तर येईपर्यंत आम्ही ओला कचरा पिशवीशिवाय, उघड्या बादलीतून देणार आहोत. बादली प्लास्टिकची आहे. ती चालते किंवा कसे, हे पथकाच्या पुढील भेटीपूर्वी कळवण्याची कृपा करावी.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा (तूर्तास) सचिव