प्रबोधनाचे खापर १४५३वर कशाला?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला युरोपीय प्रबोधनावरचा लेख आवडीने वाचला. भाषा सोपी आहे आणि छपाईच्या यंत्राला दिलेली जागा योग्यच आहे. पण लेखाचा सगळा डोलारा एका पाठ्यपुस्तकी वाक्यावर उभा आहे: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, तिथले ग्रीक पंडित ग्रंथ घेऊन इटलीत पळाले आणि युरोप जागा झाला. शिवाय तुर्कांनी खुष्कीचे मार्ग बंद केले, म्हणून वास्को द गामाला समुद्रावर यावे लागले. आपल्यापैकी बहुतेकांनी हे शाळेत घोकले आहे, आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आजही घोकतात. सनावळ्या मात्र या वाक्याला साथ देत नाहीत.

इटालियन कवी पेत्रार्काला रोमन वक्ता सिसेरोची विस्मृतीत गेलेली पत्रे वेरोनात सापडली ती १३४५ साली. ग्रीक शिकवायला मॅन्युएल क्रिसोलोरास हा पंडित कॉन्स्टॅन्टिनोपलहून फ्लॉरेन्सला आला १३९७ मध्ये. तो कोणाला भिऊन आला नव्हता. फ्लॉरेन्सचे चॅन्सेलर, म्हणजे नगराचे मुख्य सचिव, कोलुच्चो सालुताती यांनी पुढाकार घेतला आणि नगराने पगार देऊन त्याला बोलावून घेतले. रोमन कवी ल्युक्रेशियसचे काव्य जुन्या हस्तलिखितांच्या शोधात असलेल्या पोज्जो ब्राच्चोलिनीच्या हाती १४१७ मध्ये लागले, तेही युरोपातल्याच एका मठात. चित्रकलेला नवे वळण लावणारा मसाच्चो १४२८ मध्ये वारलासुद्धा होता. तुर्कांच्या तोफा त्यानंतर पंचवीस वर्षांनी धडाडल्या.

लेखकाने १४५३ ऐवजी १४०१ पासून सुरुवात केली असती तर गोष्ट अधिक खरी आणि अधिक रंगतदार झाली असती, असे मला वाटते. त्या साली फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी ब्राँझचे दरवाजे करायचे ठरले आणि शिल्पकारांची स्पर्धा लावण्यात आली. ती कोणी लावली? राजाने नाही, पोपनेही नाही. कलिमाला नावाच्या कापडव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यापारी संघाने (गिल्डने) लावली. विषय सगळ्यांना एकच: अब्राहम आपल्या मुलाचा, इसहाकाचा बळी देऊ लागतो तो प्रसंग. लोरेन्झो गिबेर्ती जिंकला. त्याचा आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा, असे दोन्ही नमुने आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. गिबेर्तीचा नमुना जवळजवळ एकसंध ओतलेला, त्यामुळे त्याला ब्राँझ बरेच कमी लागले. ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगवेगळ्या ओतून पाटीवर बसवल्या होत्या. हिशेबी कापडव्यापाऱ्यांच्या नजरेतून हा फरक सुटला असेल, हे मला तरी पटत नाही. (निविदा उघडताना काय काय पाहतात हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाही पटणार नाही.)

हरलेल्या ब्रुनेलेस्कीने पुढे कॅथेड्रलचा घुमट बांधला. कॅथेड्रलच्या कामाची देखरेख लोकर व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे होती. घुमटासाठीही १४१८ मध्ये स्पर्धा झाली, १४२० मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. सुमारे ४५ मीटर रुंदीचे हे पोकळ अंतर त्याने जमिनीपासून लाकडी आधार न उभारता झाकले. ओझी वर चढवण्यासाठी त्याने बैलांवर चालणारे यंत्र तयार केले. त्यातल्या दातेरी चाकांची जोडणी बदलली की बैल त्याच दिशेने फिरत असताना ओझे खाली येऊ लागायचे. मोटेच्या बैलांसारखे त्यांना मागे सारावे लागत नसे. प्रबोधन म्हटले की आपण ग्रंथालयेच डोळ्यांसमोर आणतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. विटा, चुना, बैल आणि चोख जमाखर्च यांचाही त्यात मोठा वाटा होता.

१४५३ ला काहीच महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. त्यानंतर ग्रीक विद्वान पश्चिमेकडे आले, आणि व्हेनिसमध्ये आल्दुस मानुशियस या मुद्रकाने शतकाच्या अखेरीस ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला, त्यात अशा विद्वानांची मदत होती. मूळच्या ग्रीक कार्डिनल बेसारिओनने आपला मोठा ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, त्यामागेही कॉन्स्टॅन्टिनोपल गेल्याची सल होतीच. पण हा बेसारिओनसुद्धा इटलीत आला होता तो १४३८ साली, धर्मपरिषदेसाठी. आणि ग्रीक विद्या त्याच्याही कितीतरी आधी युरोपात आली होती, त्यातली एक मोठी वाट होती स्पेनची. टोलेडोत क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा अल्माजेस्ट हा खगोलशास्त्रावरचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये उतरवत होता बाराव्या शतकात. लेखात अरबांचे नाव एकदाही येत नाही, हे खटकले.

आता व्यापारी मार्गांचे. कॉन्स्टॅन्टिनोपल घेतल्यावर वर्षभरातच, १४५४ मध्ये, सुलतान दुसऱ्या मेहमेदने व्हेनिसशी व्यापाराचा तह केला. मार्ग बंद करणाऱ्याची ही रीत नव्हे. मलबारची मिरी मुख्यतः तांबड्या समुद्रातून कैरो आणि अलेक्झांड्रियाला जायची. तिथे राज्य होते मामलुक सुलतानांचे, उस्मानी तुर्कांचे नव्हे. उस्मानी तुर्कांनी इजिप्त जिंकला १५१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. म्हणजे मिरीची ती वाट तुर्कांच्या हाती जाण्याआधी पोर्तुगीज मांडवीत ठाण मांडून बसले होते. त्यांची आफ्रिकेतली मोहीम तर १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतले सेउता बंदर जिंकले तेव्हापासूनची. त्यांना सोने हवे होते, धर्मयुद्ध हवे होते, आणि पुढे कैरो-व्हेनिसचे मध्यस्थ गाळून मिरीचा नफा स्वतःच्या खिशात हवा होता.

मार्ग अडवण्याचेच बोलायचे तर ते काम पोर्तुगीजांनी केले. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आरमार उभे करून ते मिरीची जहाजे पकडू लागले. कार्ताझ हा त्यांचा परवाना जवळ नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. कोकणच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी हा जाच पिढ्यान् पिढ्या सोसला, मोगल बादशहांच्या जहाजांनाही तो परवाना घ्यावा लागला. आणि आपली पुस्तके रस्ता बंद केल्याचा ठपका तुर्कांवर ठेवून मोकळी होतात!

पुढचा भाग भौगोलिक शोधांवर असेल असे लेखाखाली म्हटले आहे. त्यात १५१७ हे साल जरूर यावे. सोबत नकाशा छापणार असाल तर त्यावर कॉन्स्टॅन्टिनोपलबरोबर तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचे एडन, कैरो आणि अलेक्झांड्रियाही दाखवा. मिरी तिथून जात होती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा