आत्याच्या सोलापुरात, पाहुण्यासारखे

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, काल तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "चुलतभावाचं घर असताना लॉजवर का उतरलात?" आणि लगेच फोन आईकडे दिलात. तुम्हाला वाईट वाटलंय ते कळलं. त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहिते.

लॉजचं आत्यानं ठरवलं आणि मला ते मनापासून पटलं. ती म्हणाली, "सोलापूरला गेले की मी कुणाची नणंद असते, कुणाची विहीण असते. लग्न, बारसं, दहावा, यापलीकडे मी माझं गाव कधी पाहिलंच नाही. या वेळी मला कुणाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, आणि माझ्यासाठी कुणी ठेवलेलाही नको." तुम्हाला ठाऊक आहे, काकूंची कंबर किती दुखते. आम्ही घरी उतरलो असतो, तर त्या बाई दोन्ही दिवस पोळ्या लाटत उभ्या राहिल्या असत्या. रविवारी निघण्याआधी त्यांच्याकडे तासभर बसलो, चहा घेतला, त्यांनी दोघींच्या ओट्या भरल्या. काकूही मोकळेपणानं बोलल्या. रागावलं कुणी नाही.

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली. दौंड गेल्यावर आत्यानं विचारलं, "गाडीचं नाव हुतात्मा का, ठाऊक आहे ना?" मला सोलापूरच्या चार हुतात्म्यांतली दोनच नावं सांगता आली. तिनं चारही घडाघडा सांगितली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. तिच्या शाळेत ही नावं रोज प्रार्थनेनंतर म्हणायचे म्हणे. बाबा, तुमच्याही शाळेत म्हणायचे का?

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायलाव, अक्का?" आत्याचा चेहरा असा खुलला! पुण्यात तिला सगळे काकू किंवा आजी म्हणतात. अक्का म्हणणारे आता तुम्ही एकटेच उरलात. तो आमच्याशी मराठीत बोलत होता, शेजारच्या रिक्षावाल्याशी कानडीत आणि घरून फोन आला तेव्हा तेलुगूत. आत्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही, मला फार वाटलं.

शनिवारी पहाटे सिद्धेश्वर. पाऊस नुकताच सरलेला, तळ्याला पाणी भरपूर, हवेत जरासा गारवा. दहानंतर ऑक्टोबरचं ऊन चटकतंच, त्यामुळे फिरायचं ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढा एकच नियम आम्ही पाळला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं, गावाच्या आसपास अडुसष्ट लिंगं स्थापली, हे मी लहानपणापासून तुमच्याकडून ऐकलंय. पण तळ्याच्या मधोमध देऊळ आणि काठाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, हे बसून बघायला वेळ कधी मिळाला होता? संक्रांतीला इथं भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत तर गर्दीत माणूस पुढंच ढकलला जातो. आत्या कट्ट्यावर दीड तास बसली. फारसं बोलली नाही, मीही तिला बोलतं केलं नाही.

मग भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर पाहिलं, आता तिथं स्मारक आहे. 10 ऑक्टोबर 1910 चा जन्म त्यांचा. 1938 मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर तिथंच उपचार करत राहिले, तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि 1942 च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. मी तारखा वाचत होते. आत्या म्हणाली, "आई रोज पोस्टमनची वाट बघत असेल गं." तेव्हाच मनात आलं की तुम्हाला या वेळी फोन न करता पत्र लिहायचं.

दुपारी चक्क झोप. जेवण खानावळीत: कडक भाकरी आमटीत कुस्करून, वर शेंगाचटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. आत्यानं दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली, तिखटाची कसलीही तक्रार नाही. आई, तुझ्यासाठी अर्धा किलो घेतली आहे.

संध्याकाळी पूर्व भागात चादर घ्यायला गेलो. कारखान्यातल्या माणसानं आत बोलावून माग दाखवला. मागावरच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणवणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते आणि कुठला धागा वर उचलायचा ते ती भोकं ठरवतात. खडखडाट एवढा की कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. आत्यानं चादर उलटी करून पाहिली. खरी सोलापुरी असेल तर नक्षी दोन्हीकडे दिसते, सुलट बाजूला जिथं एक रंग तिथं उलट बाजूला दुसरा. तुमच्या दोघांसाठी तांबड्या-पांढऱ्या मोरांची निवडली.

रविवारी सकाळी तुळजापूर रस्त्यावर गेलो. कोजागरीसाठी माणसं पायी निघाली होती, कितीतरी कर्नाटकातून चालत आलेली, कित्येक अनवाणी. अजून पंचेचाळीस किलोमीटर चालायचं, तरी "आई राजा उदो उदो" चालूच. रस्त्याकडेला मंडप टाकून लोक चहा, केळी, खिचडी वाटत होते. आत्या अर्धा तास एका मंडपात केळी वाटत उभी राहिली. हे काम मात्र तिनं आपणहून घेतलं.

तिथंच तिनं मला सांगितलं की तुळजाभवानी दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पलंगावर निजते ती थेट पौर्णिमेला सिंहासनावर परत येते. श्रमनिद्रा म्हणतात तिला. "नऊ दिवस लढली की देवीलाही कुणी उठवत नाही," आत्या म्हणाली, "मी चाळीस वर्षं संसार केला. दोन दिवस मागितले तर काय बिघडलं?" बाबा, खरं सांगा, तुमच्या बहिणीनं आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं तुम्हाला आठवतं का? मला एकही प्रसंग आठवला नाही. आणि आई, तुझाही आठवला नाही, म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय.

शेतांत आत्ता ज्वारीच्या पेरण्या चालल्या आहेत. डिसेंबरअखेर हुरडा सुरू होईल. तेव्हा तुम्ही दोघं, आत्या आणि मी, चौघांनी जायचं. आई, तुला डबा करायचा नाही, लाडू-चिवडा बांधायचा नाही, बॅगेत फक्त कपडे. बाबा, गुडघ्याची काळजी करू नका, खालच्या मजल्यावरची खोली मिळते, मी विचारून आले आहे. आणि गाडीची खालच्या बर्थची तिकिटं मी काढीन. डॉक्टरांची तारीख कधीची आहे ते बघून शनिवार कळवा. चादर आणि चटणी दिवाळीला येताना आणते.

तुमची,
मनू