मुलांचा उतरलेला फोन आई-वडिलांच्या गळ्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं की साठीच्या पुढच्या प्रत्येकाने आता स्मार्टफोन घ्यायलाच हवा, नाहीतर आपण मागे पडू. तळमळीने लिहिलेलं पत्र होतं, त्यातलं बरंचसं मला पटलंही, पण एक गोष्ट त्यात राहूनच गेली आणि ती आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधे सध्या जिकडेतिकडे दिसतेय म्हणून लिहायला बसले. आमच्या वयाची माणसं दुकानात जाऊन फोन निवडतच नाहीत हो. त्यांच्या हातात येतो तो मुलाचा, सुनेचा नाहीतर नातवाचा वापरून झालेला फोन.

आता दिवाळी तोंडावर आलीये. सेल लागले की मुलं नवीन फोन घेतात, पुण्याहून बंगलोरहून घरी येताना जुना बॅगेत टाकून आणतात, आई हा तू वापर, मस्त चालतोय अजून, म्हणतात आणि आईचा बटणवाला फोन, ज्यातलं तिला सगळं न बघता येत होतं, तो कपाटात जाऊन पडतो, सिम काढून नव्यात, म्हणजे जुन्यात, घातलं जातं, आणि मुलं चार दिवसांनी परत जातात. मुलांची माया आहे यात, मी नाकारत नाहीये. पण बटणवाला ठेवायचा की टच फोन घ्यायचा या प्रश्नाचं हे सगळ्यात वाईट उत्तर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बटणवाला ठेवा, उत्तम. ऐपत असेल आणि हौस असेल तर नवा घ्या, तेही उत्तम. पण हा उतरलेला फोन, आणि त्यात पेन्शनच्या खात्याला जोडलेला नंबर, हे नको म्हणजे नकोच.

मी स्वतः बँकेत नोकरी केली, काउंटरवर पेन्शनर मंडळींशी रोजचा संबंध, त्यामुळे या विषयात मला जरा जास्तच आच आहे.

उतरलेल्या फोनचं नेमकं काय वाईट ते सांगते. आमच्या रामबागेत एक काकू आहेत, त्यांचा फोन मी मधे बघितला. काच कोपऱ्यात तडकलेली, बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं म्हणून त्याला रबरबँड लावलेला, आणि दुपारपर्यंत चार्जिंग संपतं म्हणून फोन कायम स्वयंपाकघरातल्या प्लगला लटकलेला. ते तरी डोळ्यांना दिसतं. न दिसणारं असं की मी सेटिंगमधे अबाऊट फोनमधे जाऊन अँड्रॉईडच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघितली तर ती 2019 सालची. म्हणजे तेव्हापासून चोरांनी जेवढ्या नवीन फटी शोधल्या त्यातली एकही या फोनमधे बुजवलेली नाही, कंपनीने त्या मॉडेलकडे बघणंच सोडलंय, आणि याच फोनवर काकूंचं यूपीआय, याच फोनवर ओटीपी. मुलगा काही वाईट नाही, चांगला नोकरीवाला आहे, त्याने ती तारीख कधी बघितलीच नव्हती.

फोन चालू होतो म्हणजे तो ठीक आहे असं नसतं. व्हॉट्सॲपने 1 जानेवारी 2025 पासून अँड्रॉईड किटकॅट या जुन्या आवृत्तीच्या फोनवर चालणं बंद केलं, तेव्हा कित्येक घरात आईचं व्हॉट्सॲप अचानक बंद पडलं, तिला वाटलं आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. दिवसभर अपराध्यासारखं वाटत राहतं माणसाला. बँकांची ॲप्स पण अशीच एकेक करून जुन्या अँड्रॉईडवर चालेनाशी होतात.

आणि फसवणुकीचे प्रकार बघा. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, पत्रिका बघायची म्हणून दाबली की एक ॲप बसतं आणि ते एसएमएस वाचायला लागतं, म्हणजे ओटीपी गेला. डिजिटल अरेस्टचं, म्हणजे पोलीस असल्याचं सोंग करून फोनवरच अटक केली म्हणून पैसे उकळायचं, तर पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमधे स्वतः सांगितलं की असली कुठलीही अटक कायद्यात नाही, तरी आपल्या शहरातल्या वयस्कर लोकांच्या बातम्या पेपरात येतच राहिल्या. तो सगळा खेळ व्हिडिओ कॉलवर चालतो, समोर वर्दीतला माणूस दिसतो म्हणून माणूस घाबरतो. बटणवाल्या साध्या फोनवर ना एपीके बसतं ना वर्दी दिसते. त्यावर फसवणूक होतच नाही असं मी म्हणणार नाही, गोड बोलून ओटीपी विचारणारे तिथेही फोन करतात, पण निदान पुष्कळशी दारं बंद असतात.

दुसरं म्हणजे हात. हे तरुण मुलांना कळणं कठीण आहे. आमच्या सासूबाईंची बोटं इतकी कोरडी झालीयेत की टच स्क्रीनला ती लागलेली कळतच नाहीत, त्या दोनदा तीनदा दाबतात, मग एकदम भलतीकडेच कॉल लागतो. त्यांच्या बटणवाल्या फोनमधे पाचच्या बटणावर जो बारीकसा उंचवटा असतो ना, तो अंगठ्याने चाचपून त्या अंधारात, मोतीबिंदू असताना, बरोबर माझ्या नणंदेला फोन लावतात. रात्री बाथरूमला जाताना त्याचीच बॅटरी लावतात. एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस बघायला नको. हे सगळं काढून घेऊन त्यांना गुळगुळीत काच द्यायची आणि वर त्या मागे राहिल्यात म्हणायचं, हे मला फार खटकतं.

मग म्हणतात की बटणवाल्या फोनने कामं अडतात. कुठली अडतात ते एकदा शांतपणे मोजा की. गॅस मिस्डकॉलवर बुक होतो, सिलिंडर घेताना सांगायचा कोड एसएमएसवर येतो. पैसे पाठवायचे तर फोनवर *99# लावायची सोय आहे, त्याला इंटरनेट लागत नाही, 13 भाषांमधे चालतं. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मधे खास साध्या फोनसाठी यूपीआय 123पे सुरू केलं, फोन करून ऐकत ऐकत बटणं दाबायची आणि पैसे जातात, त्याची मर्यादा आधी 5,000 होती ती वाढवून 10,000 केलीये. आमच्या वयाच्या किती लोकांना हे माहीत आहे? मी विचारते तेव्हा बहुतेक जण पहिल्यांदाच ऐकत असतात.

राहिला जीवन प्रमाण, म्हणजे आमचा हयातीचा दाखला, त्याचीच धास्ती सगळ्यांना. ही सोय 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाली, तेव्हा अंगठा लावावा लागायचा आणि म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असल्यामुळे मशीन घ्यायचं नाही, काउंटरवर अक्षरशः रडकुंडीला आलेली माणसं मी बघितलीयेत, ओल्या फडक्याने बोट पुसून परत परत लावायचे. नोव्हेंबर 2021 पासून चेहरा दाखवून होतं, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची की झालं. त्याला बऱ्यापैकी नवा कॅमेऱ्याचा टच फोन लागतो, पण तो फोन तुमचाच असला पाहिजे असं कुठे आहे? शेजारच्या मुलाच्या फोनवर होतं, बँकेत होतं, पोस्टमन घरी येऊन करून देतो. वर्षातून एकदाच्या कामासाठी आयुष्यभराची सवय मोडायची काही गरज नाही. (80 च्या वरच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघू नका.)

आता बटणवाल्याच्या बाजूने बोलतेय म्हणून त्यातलं दुखणंही सांगायला हवं. खूप जुना 2जी फोन असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं 2जी नेटवर्कच नाहीये, आणि बाकीच्यांचं 2जी तरी किती वर्षं टिकेल कोण सांगणार. म्हणून फोन खराब झाला तर परत तसलाच न घेता 4जी बटणवाला घ्यावा. ते महाग नसतात, जिओभारत जुलै 2023 मधे आला तेव्हा 999 रुपयांचा होता, आणि त्यात यूपीआय पण आहे.

रिचार्जचं मात्र मला संताप आणणारं आहे. ज्या फोनवर इंटरनेट चालतच नाही त्यावर रोजच्या दीड जीबीचे पैसे का म्हणून भरायचे? ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मधे नियम केला की फक्त बोलणं आणि एसएमएस एवढाच वेगळा प्लॅन कंपन्यांनी ठेवायलाच हवा, तो 365 दिवसांपर्यंतचा असू शकतो, आणि जानेवारी 2025 मधे असे प्लॅन आलेसुद्धा. मी जेल रोडवर एका दुकानात सासूबाईंसाठी तो मागितला तर तो मुलगा वर न बघताच म्हणाला, "आंटीजी, ऐसा कोई प्लान नहीं आता, डेटावाला ही पड़ेगा." मी तिथेच उभी राहून कस्टमर केअरला फोन लावला, प्लॅनची रक्कम विचारून घेतली आणि त्याला तीच मारायला सांगितली, मग बरोबर झाला रिचार्ज. पण प्रत्येक आजी अशी उभी राहून भांडणार आहे का? मोबाईलच्या एवढ्या दुकानांच्या गल्लीत निदान एक कागद तरी चिकटवलेला असावा या प्लॅनचा.

टच फोन घेऊ नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, गैरसमज नको. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तर तो वरदान आहे, समोरचा बोलतोय ते मराठीत लिहून दाखवणारी ॲप्स आहेत. टाईप करता येत नसेल तर 2017 पासून गूगलवर मराठीत बोलून टाईप होतं. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. आणि अमेरिकेतल्या नातवंडाचा पहिला दात व्हिडिओवर बघायला मिळणं याची किंमत मी काय सांगू. फक्त तो फोन आई-वडिलांना विचारून, त्यांना दुकानात नेऊन, त्यांच्या हातात देऊन बघून घ्यावा, आणि दुकानदाराला मेगापिक्सल विचारायच्या आधी हे विचारावं की याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार. सॅमसंग आणि गूगल त्यांच्या भारीच्या फोनला 7 वर्षं देतात, स्वस्तातल्यांना पुष्कळ कमी मिळतात, म्हणून विचारूनच घ्यावं.

आमच्या घरी आणि आता भिशीतल्या बऱ्याच जणींनी जे केलंय ते असं की दोन्ही ठेवायचे. बँकेचा, आधारचा, पेन्शनचा नंबर बटणवाल्या फोनमधेच राहू द्यायचा, ओटीपी तिथेच येणार. टच फोनमधे दुसरं सिम, त्यावर व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, भजनं, फोटो, सगळं करा, पण बँक नाही, यूपीआय नाही. मग पत्रिका म्हणून आलेली फाईल चुकून दाबली गेली तरी तिथे वाचायला ओटीपीच नसतो. दोन रिचार्ज पडतात हे खरं, पण एक बोलण्यापुरता वर्षाचा मारला तर तेवढं जड जात नाही, आणि घराच्या वायफायवर टच फोनचं भागतं.

उतरलेला फोन द्यायचाच असेल तर मुलांनी अपडेटची तारीख बघावी, बॅटरी बदलावी आणि मुख्य म्हणजे स्वतःचं गूगल अकाऊंट आधी नीट काढावं. आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी फोन अडकतोय म्हणून दुकानात रिसेट करून आणला तर तो मुलाचा जुना पासवर्ड मागायला लागला, मुलगा तिकडे परदेशात झोपलेला, रात्रभर फोन बंद आणि घरात मधुमेहाचे काका. जेल रोडवरून सेकंडहँड घेत असाल तर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा आणि केवायएम हे इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो 15 अंकी नंबर 14422 वर एसएमएस करा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. आणि फुगलेल्या बॅटरीचा फोन कपाटात कपड्यांखाली ठेवू नका, आपल्या कचरा गाडीत ई-वेस्टचा वेगळा डबा असतो, सहा प्रकारचा कचरा वेगळा करणारं शहर आहे आपलं, त्यात टाका.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाव पान द्या आणि मोठ्या टाईपात छापा, अपडेटची तारीख कुठे बघायची, बोलण्यापुरता प्लॅन प्रत्येक कंपनीचा त्या दिवशी कितीचा आहे, 123पे कसं सुरू करायचं, आणि फसवणूक झाली तर लगेच 1930 ला फोन करायचा. आमच्या भजनी मंडळाच्या बायका ते कापून रामबाग, लोकमान्य नगरच्या घराघरात नेऊन देतील, मुलं गावी आलेली असतील तेव्हाच, म्हणजे त्यांच्याही वाचनात येईल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
रामबाग, इंदूर