भिंतीवरच्या पाटीबद्दल

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आधी तब्येतीचं. आई, काल फोनवर तुझा आवाज दमलेला वाटला. गुडघा शेकतेस ना? आणि गरम पाण्यासाठी अजून बंब पेटवत असशील तर तो बंद कर. गिझर बसवून दिलाय तो वापरायला. विजेचं बिल इकडूनच भरलं जातं, त्याची चिंता करायची नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पप्पा, रविवारी उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना फोन केला आणि चर्चच्या भिंतीवर लावायच्या आपल्या नावांच्या पाटीचं काम थांबवायला सांगितलं. तुम्हाला न विचारता. ते चुकलंच. फोनवर बोलले असते तर तुम्ही "बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आणि त्या एका "बरं"ने मला आठवडाभर झोप लागली नसती. म्हणून पत्र.

चर्चच्या छपराच्या पत्र्यांचे पैसे मी दिले ते दिलेच. दगडवाल्याला तुम्ही इसार दिलाय, तोही वाया जाणार नाही. पुढे सांगते.

तुम्हाला पाटी का हवी होती ते मला कळतं. आजोबांना गावात कुणी पुऱ्या नावाने हाक मारली नाही. वाड्यासमोरून वहाणा हातात घेऊन जायचे. पणजोबांनी 1900च्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला, तर लोक म्हणाले, पोटासाठी बाटला. त्या घरातल्या मुलाला वाटणारच की हे नाव एकदा तरी दगडात दिसावं, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं. याला मी मिरवणं म्हणणार नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जबरदस्तीने वाकवलं, त्याला कुणी नम्रता शिकवू नये, आणि मी तर नाहीच नाही. म्हणून आजोबांच्या कबरीवरचा क्रूस आपण नवा करू. अक्षरं पार झिजलीत. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, दोन्ही तारखा, ठळक. तिथे नाव हवंच.

पण चर्चच्या पाटीवर आजोबांच्या खाली माझं नाव येणार होतं. तिथे माझा जीव अडकला.

आठवतं पप्पा, दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही पेढे आणले, गुडघ्यावर बसलात आणि म्हणालात, "प्रभो, हे तू केलंस." मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. वाटायचं, कंदील लावून मी जागले, मग नाव त्याचं कसं? आईला माझे डोळे सुजलेले दिसले, तिने काही न विचारता गूळ-पोळीचा लाडू हातात ठेवला. तेव्हा तुम्ही मला करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय वाचायला लावला होता. पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. मी वाचला, पण रागातच वाचला.

तो कळला 2021च्या एप्रिलमध्ये. आमच्या वॉर्डात चार नंबरच्या खाटेवरचा माणूस अकरा दिवसांनी चालत घरी गेला. त्याची बायको माझ्या पाया पडायला आली, म्हणाली, "सिस्टर, तुम्ही होता म्हणून वाचला." दोन तास आधी पाच नंबरचा मुलगा गेला होता. तेच औषध, तोच ऑक्सिजन, तेच माझे हात. तिथे उभ्या उभ्या मला कळलं, चार नंबर मी माझ्या नावावर घेतला तर पाच नंबरही माझ्याच नावावर लागतो. आणि तो मला पेलणार नव्हता. मी तिला म्हणाले, "बाई, देवाचे आभार माना." तोंडदेखलं नाही म्हटलं पप्पा. माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. पाच नंबरच्या आईजवळही मग मी बसू शकले. हलगर्जी झाली तर ती आपली, ती देवावर ढकलायची नाही, हेही मी विसरत नाही. पण कुणी जगलं ते माझं नाही.

आणि ते छप्पर तरी माझं कुठे आहे? मी पैसे पाठवले आणि मोकळी झाले. उन्हात पत्रे चढवले गावच्या पोरांनी. हंगामाच्या सणाच्या लिलावात अंडी, लिंबं, पायलीभर बाजरी विकून बायकांनी खिळ्या-सिमेंटचे पैसे उभे केले. त्यातल्या कुणाचं नाव लावणार होतो आपण?

आजीचंच बघा ना. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंच्या बायबलचे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुलींमध्ये ती होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं, 1922 साली जाण्याआधी पुरं केलेलं काम. आजी ते पुस्तक मांडीवर घेऊन पानावरून बोट फिरवायची. तिचं नाव त्यात कुठे नाही. मी विचारलं तर म्हणाली होती, "ज्याला दिसायची त्याला माझी बोटं दिसली." मला तेवढंच पुरे आहे पप्पा. हे बोलणं तुमच्याच आईचं आहे, माझं नाही.

दगड अजून कोरलेला नाही, मी विचारून घेतलंय. त्याची चर्चच्या दारातल्या कडुलिंबाखाली बसायला बैठक करायला सांगितली आहे, पाठीला टेकू असलेली. आई, उपासना सुटेपर्यंत तुला उभं राहावं लागतं ना, आता तिथे बसायचं. उंची तुझ्या गुडघ्याच्या हिशेबाने सांगितली आहे.

आता ऐका. पप्पा, छप्पर बघायला शिडीवर चढायचं नाही, खालून बघा. बीपीची गोळी सकाळी, नाश्त्याआधी, आठवण झाल्यावर नाही. सोमवारी साखर तपासायला उपाशीपोटी जा, बिस्किटसुद्धा नको. आणि मुलीने नाव नको म्हटलं, हे चार लोकांत सांगत बसू नका. ते सांगितलंत तर पाटीच लावल्यासारखं होईल.

रागावला असाल तर रागवा, पण जेवण सोडू नका. पाळकसाहेबांशी अबोला नको, त्यांनी फक्त माझं ऐकलं. तुमच्या मनाविरुद्ध मी केलं, पण तुम्हीच शिकवलेलं केलं असं मला मनापासून वाटतं. चुकत असेन तर आल्यावर सांगा, मी समोर बसून ऐकेन.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारच्या एसटीने येते. लिलावासाठी तुमच्या शेतातली बाजरी बाजूला काढून ठेवा, ती मी घेणार. कबरस्तानात आपण दोघं संध्याकाळी जाऊ, ऊन उतरल्यावर. स्टॅंडवर घ्यायला येऊ नका पप्पा, ऐंशी झालीत. रिक्षाने येईन. आई, भाकरी टाकून ठेवू नकोस, मी आले की गरम टाकू.

तुमची,
बेबी