नावं मोजकीच

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

'तुझ्या त्या खाडीवरच्या लोकांची नावं तरी कळव,' असं तू लिहिलंस आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. नावांपाशीच माझ्या कादंबरीचं घोडं अडलं होतं.

चार अवघड जोडाक्षरं कोंबली की झाली परकी जमात, हा प्रकार मला पटत नाही. नाव कोण देतं, कधी देतं, त्याच्यासोबत काय येतं, यातून माणसं दिसायला हवीत. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८चे, म्हणजे शुक्रवारचे, म्हणून कोफी. जुळी बहीण एफुआ, तेही शुक्रवारचंच. बालीत पहिलं मूल वायान, मग माडे, न्योमान, केतुत आणि पाचव्याला पुन्हा वायान! पण मला खरा धागा सापडला तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथल्या क्वाक्वाकावाक्व लोकांत मानाची नावं ही घराण्याची मालमत्ता असते आणि 'पॉटलॅच' नावाच्या समारंभात ती चारचौघांसमोर पुढच्याला दिली जातात. सरकारनं १८८५ ते १९५१ या समारंभावर कायद्यानं बंदी घातली होती. नाव देण्याची रीतच बेकायदा!

तर कादंबरीतले माझे हे खाडीवरचे ओरवे लोक. त्यांच्याकडे नावं मोजकीच, नवं नाव पाडायला सक्त मनाई. मूल जन्मलं की कुणीतरी म्हाताऱ्यानं आपलं नाव सोडायचं. मिरोळ नावाच्या आजीनं नाव सोडलं की ती 'मिरोळची मागली' होते. त्यानंतर कुणी 'मिरोळ' अशी हाक मारली, तर तिनं वळून बघायचं नाही. पण सत्तर वर्षांची सवय ती! मग वात्रट पोरं मुद्दाम पाठीमागून ओरडतात, म्हातारी जाळं विणता विणता मान अर्धी वळवते, चपापते आणि पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. हे पान लिहिताना मला फार मजा आली.

नावाबरोबर होडी येते, मासेमारीचा हक्क येतो आणि कर्जही येतं. त्यामुळे पंचांपुढे कधी रांगतं पोर आणून बसवतात, कारण त्याच्या नावावर दोन जाळ्यांची उधारी असते. भांडणंही तशीच वारशानं येतात. (लग्नाच्या रीती अजून ठरवल्या नाहीत, त्याबद्दल विचारू नकोस.)

गोम अशी, की नाव न सोडता कुणी बुडून मेलं तर ते नाव समुद्राचं झालं, ते परत घ्यायचं नाही. दर वादळात नावं कमी होतात, माणसं मात्र वाढतात. माझी नायिका पंधरा वर्षांची झाली तरी बिननावाची आहे. तिला साक्ष देता येत नाही, होडी घेता येत नाही. शेजारचा एक म्हातारा मात्र दोन नावं दाबून बसलाय, एक स्वतःचं आणि दुसरं अजून न जन्मलेल्या नातवासाठी. मला तो खलनायक करायचा नाही. त्याचा मुलगा समुद्रात गेलाय, नावासकट.

आता तुझी मदत हवी. या मुलीला तीनशे पानं नुसतं 'ती' म्हणत राहिलो, तर आई, मागल्या, बहिणी सगळ्याच 'ती', वाचणाऱ्याचा पार गोंधळ उडेल. टोपणनाव दिलं तर नियमच मोडतो. तिच्याच तोंडून, 'मी' म्हणत सांगावं का? तसं केलं तर म्हाताऱ्याच्या घरातले प्रसंग हातचे जातात, कारण ती तिथं कधी पाऊलच टाकत नाही. पहिली दोन प्रकरणं सोबत जोडली आहेत. वाचून स्पष्ट काय ते कळव.

तुझाच,
मित्र