मंत्रीमहोदय, आमच्या घाटातला साप तुमच्या लसीत नाही

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्याआधी तुम्ही आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मांडवात उभे राहून माइकवर सांगितलेलं की साप चावलेल्या माणसाला आता जवळच्या केंद्रातच पूर्ण उपचार मिळतील, लसही आणि ट्रेनिंग दिलेला स्टाफही. आम्ही टाळ्या वाजवल्या. आज माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर आहे.

काजूची बोंडं वेचताना पालापाचोळ्यात हात घातला आणि बोटाला डसलं. वीतभर-दीडवीत साप, तपकिरी, नाकाचं टोक वर उचललेलं. नाकाड्या चापडा, आमच्या घाटातला विषारी साप. मोबाईलवर स्पष्ट फोटो काढून नेलेला, पण सरकारी आरोग्य केंद्रात बघून म्हणाले फुरसं आहे. अहो फुरसं सड्यावर दगडाखाली असतं आणि त्याचं नाक असं वर नसतं, हे इथलं शाळकरी पोर सांगेल.

आता खरी गोष्ट ऐका. आपल्याकडे जी सापाची लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या ४ सापांच्या विषावर बनते, विष बहुतेक तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीकडून येतं. नाकाड्या चापड्याच्या विषावर ती चालत नाही. तरी एकामागून एक बाटल्या चढवल्या, भावाच्या अंगावर गांधी उठल्या, थंडीने कापायला लागला, आणि विष आपलं काम करतच होतं. रक्त गोठत नाही, हात कोपरापर्यंत सुजलेला, मग किडन्या बसल्या.

रक्त गोठतं का बघायची टेस्ट एकदम साधी आहे, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची. मशीन नको की वीज नको. तिथे काचेची नळीच नव्हती! प्लास्टिकची होती, आणि प्लास्टिकमध्ये ही टेस्ट धड होत नाही, हे मला पुढे मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने सांगितलं. किती रुपयांना येते हो ती नळी? तुमच्या त्या मांडवातल्या एका हारापेक्षा स्वस्तच असणार.

माझं म्हणाल तर नोकरीवर बिनपगारी आहे, बागायत दुसऱ्याला वेचायला दिली, आई जेवत नाही, टॅक्सीवाल्याचे पैसे अजून द्यायचेत कारण अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून झोपतो. तुम्ही कधी झोपलाय?

देशात साप चावून वर्षाला ५० हजारांवर माणसं जातात, कोण म्हणतं ५८ हजार. केंद्राने २०२४ मध्ये मोठा प्लॅन काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करणार म्हणे, सर्पदंशाची नोंद करा म्हणून राज्यांना पत्रंही आली. नोंद काय करणार, साप कुठला तेच ओळखता येत नाही तर? फुरसं म्हणून लिहिणार आणि फाईल बंद. मग वर रिपोर्ट जाणार की गोव्यात चापड्याचा प्रॉब्लेमच नाही, मग त्याच्यावर लस कोण कशाला काढील.

टुरिस्टांना दाखवायला मात्र मलबारी चापड्याचे हिरवे-पिवळे फोटो चालतात. इथल्या म्हादईच्या जंगलाला व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा हायकोर्टाने २०२३ मध्ये आदेश दिला तेव्हा तुमचं सरकार सुप्रीम कोर्टात धावलं, इथल्या माणसांचं काय होणार म्हणून. तेव्हा आमची केवढी काळजी! तीच माणसं आता बोट काळं पडून येतात तर त्यांना सांगतात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जा. पक्ष कुठलाही असो, घाटाखालच्या माणसाला मतापुरतंच ओळखतात.

आमच्या घाटातल्या सापांचं विष गोळा करून त्यावर लस बनवायला वर्षं लागतील, मला कळतं. पण चापडा आणि फुरसं यातला फरक दाखवणारा फोटो भिंतीवर लावायला आणि डॉक्टर-नर्सना एक दिवस शिकवायला कुणाची परवानगी लागते ते तरी कळवा. "दखल घेतली आहे" असं छापील उत्तर नको, तसली दोन घरात पडलीयेत. पावसाच्या आधी काचेच्या नळ्या पाठवा, आल्या की नाही ते मी स्वतः केंद्रात जाऊन बघणार आहे.

आपला,
सत्तरीतला एक मतदार