हॉलचं कुलूप कोणाकडे आहे? क्रीडामंत्र्यांना बडोद्याहून खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री, गुजरात राज्य यांस,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितोय, कारण भांडायचं झालं की मला मराठीच सुचतं. आपल्या कार्यालयात बडोद्याचा एखादा माणूस असेलच, तो वाचून दाखवील.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या बॅडमिंटनच्या सकाळच्या बॅचमध्ये पेढे वाटले. वाटले ते हॉलच्या पायऱ्यांवर. आत साड्यांचं प्रदर्शन लागलं होतं.

या स्पर्धेत बॅडमिंटन आलं 1966 साली, जमैकातल्या किंग्स्टनला. आपल्या दिनेश खन्नांनी तिथे एकेरीत ब्राँझ मिळवलं. मग 1978 मध्ये एडमंटनला प्रकाश पदुकोण आणि 1982 मध्ये ब्रिस्बेनला सय्यद मोदी, अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं. एडमंटनच्या वेळी मी अठरा वर्षांचा होतो. बातमी वाचून आम्ही चौघे दांडिया बाजारातल्या वाड्याच्या अंगणात दोरी बांधून खेळलो. वारा आला की फूल (शटल) शेजारच्या गच्चीवर, आणि शेजारच्या काकू ते संध्याकाळपर्यंत परत देत नसत.

पुरुष एकेरीचं पुढचं सुवर्ण यायला 32 वर्षं लागली. 2014 मध्ये ग्लासगोला पारुपल्ली कश्यपनं ते आणलं. आणि गंमत बघा, 2026 च्या स्पर्धेतून बॅडमिंटन वगळलं ते याच ग्लासगोनं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं खर्च झेपत नाही म्हणून यजमानपद सोडलं, ग्लासगोनं ते घेतलं पण फक्त दहा खेळ ठेवले. किंग्स्टनपासून एकदाही न चुकलेला खेळ साठ वर्षांनी पहिल्यांदा बाहेर राहिला. आधीच्या बर्मिंगहॅमच्या स्पर्धेत भारताच्या 22 सुवर्णांपैकी तीन बॅडमिंटनची होती. तिन्ही शेवटच्या दिवशी: सिंधू, लक्ष्य सेन आणि सात्विक-चिराग. सिंधू तर दुखऱ्या घोट्याला पट्टी बांधून खेळली.

पण माझ्या मनातून जात नाही तो दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचा शेवटचा दिवस, 14 ऑक्टोबर 2010. सकाळी सुवर्णांच्या हिशेबात इंग्लंड 37 आणि आपण 36. हॉकीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून आठ गोल खाल्ले, त्याबद्दल न बोललेलंच बरं. इकडे ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पानं महिला दुहेरी जिंकली आणि बरोबरी झाली. राहिली सायना, समोर मलेशियाची वाँग म्यू चू. पहिला गेम गेला. दुसऱ्यात मॅच पॉइंट वाँगकडे, म्हणजे आणखी एक पॉइंट आणि सामना तिचा. माझ्या आईला बॅडमिंटनमधलं काही कळत नव्हतं, पण ती देवापुढे जाऊन बसली. सायनानं तो पॉइंट वाचवला, गेम 23-21 नं घेतला आणि तिसरा 21-13 नं. 38 सुवर्णं, इंग्लंडच्या एक पुढे, भारत पदकतालिकेत दुसरा. देशाचा दुसरा नंबर त्या दिवशी एका फुलावर ठरला, साहेब!

शिवाय हा खेळ आमचा, असं म्हणायला थोडी जागा आहे. 1870 च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यात बांधले, आणि तेव्हा खेळाला नावही 'पूना' असंच होतं. नंतर एका इंग्लिश ड्यूकच्या हवेलीचं नाव चिकटलं. असो, पुणेकरांनी यावर आधीच पुरेसं बोलून झालं आहे.

आता मुद्द्याचं. 2030 मध्ये बॅडमिंटन असावं यासाठी यजमान म्हणून आपण जोर लावालच. अहमदाबादेत झकपक स्टेडियमही उभं राहील. मला काळजी आहे ती एक्सप्रेसवेनं दीड तास अलीकडे असलेल्या शहराची. आमच्या भागातल्या हॉलचं (नाव लिहीत नाही, कारण अशी गत त्या एकट्याचीच नाही) लाकडी फ्लोअर चांगलं होतं. लग्नसराईत हॉल भाड्यानं जातो, नवरात्राआधी गरब्याच्या सरावाला जातो, मध्येच प्रदर्शनं. खुर्च्या ओढून फळ्यांवर चरे पडलेत, एका कोपऱ्यात मंडपवाल्यानं खिळेच ठोकले. माझी नात तिथेच पाय मुरगळून दीड महिना घरी बसली. मध्यंतरी नूतनीकरण झालं, तेव्हा दिवे कोर्टाच्या बरोबर डोक्यावर लावले. स्मॅश मारायला वर बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी. बॅडमिंटनचे दिवे कोर्टाच्या दोन्ही बाजूंना लावतात, हे ठेकेदाराला कोणी सांगितलंच नाही. हॉलसाठी चार मोठे पंखेही आणले. पाच ग्रॅमच्या फुलापुढे पंखा चालत नाही, म्हणून मे महिन्यात आम्ही ते बंद ठेवून घामाघूम होतो.

मेहसाण्याची तस्नीम मीर 2022 मध्ये ज्युनिअर मुलींच्या जागतिक क्रमवारीत पहिली आली. गुजरातची ही मुलगी सरावाला कुठे होती? गुवाहाटीला. याचा राग कोणावर काढावा, मला कळत नाही.

म्हणून मागणं असं. पाहुण्या संघांना सरावाला कोर्ट लागतीलच. त्यातली काही बडोद्यात करा, अहमदाबादेतच सगळी गर्दी नको. आहेत त्याच हॉलची फ्लोअर बदला, दिवे बाजूला घ्या, म्हणजे पाहुणे गेल्यावर कोर्ट आमच्या पोरांना राहतील. आणि आजपासून एक साधा आदेश काढा: बॅडमिंटनच्या हॉलमध्ये खेळाशिवाय काही होणार नाही. भाड्याचं उत्पन्न बुडेल, हे खरं आहे. ते सरकारनं सोसावं. मंगल कार्यालयं या शहरात कमी नाहीत.

एकदा समक्ष या. आम्ही सकाळी सहाला असतो. येण्याआधी फोन मात्र करा, किल्ली वॉचमनकडे असते आणि लग्न असलं की तो आम्हालाही आत सोडत नाही.

आपला,
दांडिया बाजारातला एक जुना डबल्स खेळाडू
बडोदे